कोरी चिप आणि आपला कारागीर

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या बाजारपेठांत मोटार रिवाइंडिंग, पंपदुरुस्ती, वायरिंग, टीव्ही-पंखे-मिक्सर दुरुस्ती या कामांवर पोट भरणारी अनेक कुटुंबे आहेत. मुलगा दहावीनंतर आय.टी.आय. करतो, किंवा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली तीन-चार वर्षे काढतो आणि मग स्वतःचे दुकान टाकतो. तार जळाली तर नवी गुंडाळावी, कॅपॅसिटर फुगला तर बदलावा, कॉन्टॅक्ट काळा पडला तर साफ करावा, असा हा सरळ धंदा होता. परंतु आता या धंद्याच्या मध्यभागी एक काळी चौकोनी वस्तू येऊन बसली आहे. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, पंपाचा ऑटो स्टार्टर, कोंबड्यांच्या शेडमधील उष्णता सांभाळणारा कंट्रोलर, लूमवरील मीटर मोजणारा काउंटर, अशा कितीतरी यंत्रांच्या पोटात ती असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात.

ही चिप जळाली की कारागिराची पंचाईत होते. चिपवरचा नंबर लिहून घेऊन तो मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जातो. त्याच नंबरची नवी चिप आणतो, जपून डाग देऊन बसवतो, वीज देतो, आणि यंत्र काही केल्या चालत नाही. डाग बरोबर, चिप अस्सल, व्होल्टेजही बरोबर. मग दोष कोठे आहे? दोष एवढाच की नवी चिप कोरी आहे. जुन्या चिपमध्ये कंपनीने प्रोग्रॅम भरलेला होता, नव्या चिपमध्ये तो नाही. चिप बाजारात विकत मिळते, तिच्यातला प्रोग्रॅम मिळत नाही. बहुतेक कंपन्या तो आत कुलूपबंद करून ठेवतात, म्हणून दुसऱ्या चालू यंत्रातून तो वाचूनही घेता येत नाही. आणि दुसऱ्याची मेहनत न विचारता उतरवून घेणे हा काही धंदा नव्हे.

याचा परिणाम असा होतो की कारागीर सबंध बोर्डच बदलतो. बोर्डाची किंमत कंपनी ठरवते, नफाही कंपनीचा. कारागिराच्या वाट्याला उरते ती चार स्क्रू उघडून पुन्हा बसविण्याची मजुरी. असेच चालू राहिले तर हुनरवाल्याचे काम आणि हमालाचे काम यांत फरक राहणार नाही. यावर खरा इलाज एकच आहे. चिपला काय सांगायचे ते आपल्याला स्वतः लिहिता आले पाहिजे. हे काम फक्त इंजिनिअरांचे आहे असा आपल्याकडे समज आहे, तो बरोबर नाही. शिकण्यासाठी लागणारी साधने आज अगदी साधी आहेत आणि त्यांपैकी काही तर फुकट आहेत. त्यांचीच माहिती या लेखात देत आहोत.

जेकार्डवरून चिप समजून घ्या

भिवंडी-मालेगावशी ज्यांचा कापडाचा व्यवहार आहे त्यांना जेकार्ड ठाऊक आहे. फ्रान्समधील लियॉनच्या जोसेफ जेकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही पद्धत पक्की केली. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात आणि त्या एकामागून एक लूमवर फिरतात. जेथे भोक आहे तेथील ताण्याचा धागा वर उचलला जातो, जेथे भोक नाही तेथील धागा खालीच राहतो. भोक किंवा भोक नाही, या दोनच गोष्टींतून फूल, वेल, पदर सर्व विणले जाते. लूम तेच राहते. पुठ्ठ्यांची माळ बदलली की डिझाईन बदलते.

चिपचे काम याच तत्त्वावर चालते. भोकाच्या जागी १ आणि भोक नसेल तेथे ०. चिपच्या पायांना पिन म्हणतात. पिनवर १ आला म्हणजे तेथे साधारण ५ व्होल्ट, ० आला म्हणजे शून्य व्होल्ट. त्या पिनला एलईडी जोडला तर दिवा लागतो किंवा विझतो, रिले जोडला तर पंप सुरू होतो किंवा बंद होतो. आठ पिनांचा एक गट धरला म्हणजे आठ भोकांची एक पट्टी झाली. अशा आठ जागांना मिळून एक बाईट म्हणतात. कोरी चिप म्हणजे पुठ्ठे न लावलेले जेकार्ड. लूम चांगले असले तरी त्यावर डिझाईन निघणार नाही.

आता पुठ्ठे तयार कसे होतात ते आठवा. डिझायनर आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढतो. दुसरा कारागीर ती चौकट-चौकट वाचून पुठ्ठ्याला भोके पाडतो. चिपच्या बाबतीतही अशाच पायऱ्या आहेत. सी नावाची भाषा ही कागदावरच्या नक्षीसारखी, माणसाला वाचायला सोयीची. शेवटी चिपमध्ये जाते ती १ आणि ० ची माळ. या दोहोंच्या मधली पायरी म्हणजे असेंब्ली भाषा. तिची एक ओळ म्हणजे चिपला दिलेला एक हुकूम. सी मधून १-० ची माळ तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात, तो भोके पाडणाऱ्या कारागिराच्या जागी आहे. चिपच्या जवळ जाऊन, तिच्या एकेका जागेत काय घडते हे जाणून प्रोग्रॅम लिहिणे यालाच खालच्या पातळीचे प्रोग्रॅमिंग म्हणतात. दुरुस्तीवाल्याला आणि नवीन वस्तू बनविणाऱ्याला उपयोगी पडते ते हेच.

सोपे साधन कशाला म्हणावे?

बाजारात मोठमोठी शिकाऊ किट मिळतात. त्यांत रंगीत पडदा असतो, मोटार असते, वीसएक सेन्सर असतात. तयार प्रोग्रॅम भरला की सर्व काही झगमगते. मुलगा खूश होतो, पण शिकत काही नाही, कारण आत काय चालले आहे ते झाकलेले असते. सोप्या साधनाची आमची व्याख्या निराळी आहे. ज्यात भाग थोडे आहेत, ज्याच्या आत काय चालले आहे ते पाहता येते, ज्याची माहिती छापील स्वरूपात पूर्ण मिळते, आणि जे चुकून जळाले तर घरात रडारड होत नाही, ते सोपे साधन. या कसोटीला उतरणारी तीन साधने खाली क्रमाने देत आहोत. क्रम बदलू नये, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

पहिले साधन : पडद्यावरची चिप

इंटेल कंपनीने १९८० मध्ये ८०५१ नावाचा मायक्रोकंट्रोलर आणला. त्यात प्रोग्रॅमसाठी ४ किलोबाईट जागा, कामचलाऊ आठवणीसाठी १२८ बाईट, बाहेरच्या जगाशी जोडण्यासाठी ३२ पिना आणि दोन टायमर होते. इंटेलने २००७ मध्ये ही चिप बनविणे बंद केले, तरी तिच्या जातीच्या चिपा इतर कंपन्या बनवीत राहिल्या. आपल्याकडे डिप्लोमाची कित्येक मुले हिच्यावरच शिकली, त्यामुळे हिची जुनी पुस्तके मुंबईत रस्त्यावरही स्वस्तात सापडतात.

ही चिप शिकण्यासाठी चिप विकत घेण्याचीही गरज नाही. एडसिम ५१ नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे. तो जावावर चालतो, त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवरही चालून जातो. पडद्यावर एका बाजूला आपण लिहिलेला प्रोग्रॅम दिसतो, दुसऱ्या बाजूला चिपच्या आतील कप्पे, ज्यांना रजिस्टर म्हणतात, आणि खाली आठ एलईडी, बटणे, आकडे दाखविणारा डिस्प्ले व एक मोटार. एक बटण दाबले की प्रोग्रॅमची एकच ओळ चालते आणि कोणत्या कप्प्यात कोणता आकडा बदलला ते डोळ्यांदेखत कळते. खऱ्या चिपमध्ये हे सर्व पापणी लवायच्या आत होऊन जाते आणि काही दिसत नाही. म्हणून पहिला महिना पडद्यावरच काढावा.

पहिला धडा एलईडी लुकलुकविण्याचा. ८०५१ ला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला असता तिचा एक साधा हुकूम १ मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, पुरा होतो. दिवा अर्धा सेकंद लागून राहावा असे वाटत असेल तर चिपला तेवढा वेळ अडकवून ठेवावे लागते. त्यासाठी एका कप्प्यात २५० आकडा भरायचा आणि एक-एक कमी करीत शून्यावर आणायचा. कमी करण्याच्या हुकुमाला डीजेएनझेड म्हणतात, त्याला २ मायक्रोसेकंद लागतात. २५० वेळा २, म्हणजे ५०० मायक्रोसेकंद झाले. ही फेरी पुन्हा २५० वेळा फिरवली की सुमारे सव्वा लाख मायक्रोसेकंद, आणि ते सर्व ४ वेळा केले की सुमारे पाच लाख, म्हणजे अर्धा सेकंद. कप्प्यांत आकडे भरण्याचा आणि बाहेरच्या फेऱ्यांचा वेळ धरून पक्का हिशेब केला तर ५,०३,०१३ मायक्रोसेकंद भरतात. एडसिम प्रोग्रॅम चालताना गेलेला वेळ दाखवतो, तो या हिशेबाशी ताडून पाहावा. मात्र पडद्यावरची चिप खऱ्या चिपपेक्षा सावकाश चालते, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाशी तुलना करू नये.

हा हिशेब ज्याला एकदा स्वतः करता आला त्याला चिपचे निम्मे भय उरत नाही. आपल्याकडील उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. ८०५१ ला एकूण १११ हुकूम आहेत आणि रोजच्या कामाला त्यांपैकी वीस-पंचवीस पुरतात. मूव्ह म्हणजे आकडा इकडून तिकडे नेणे, ॲड म्हणजे बेरीज, जंप म्हणजे दुसऱ्या ओळीवर उडी. एवढे शब्द कोणत्याही माध्यमाचा मुलगा आठवड्यात पाठ करू शकतो. जो मोटारीच्या वाइंडिंगचे वेढे मोजून ध्यानात ठेवतो त्याला हे मुळीच जड नाही.

दुसरे साधन : आर्डुइनो, पण उघड्या डोळ्यांनी

पडद्यावर हात बसला की खरा बोर्ड घ्यावा. इटलीतील इव्रेया येथे २००५ मध्ये आर्डुइनो नावाचा बोर्ड सुरू झाला. तो विद्यार्थ्यांसाठी होता आणि त्याचा नकाशा सर्वांना खुला ठेवलेला आहे. त्यामुळे इटलीचा मूळ बोर्ड महाग असला तरी त्याच नकाशावर बनविलेले बोर्ड लॅमिंग्टन रोडवर काहीशे रुपयांत मिळतात. त्यांपैकी ऊनो हा घ्यावा, आणि तोही असा की ज्याची लांबट, २८ पायांची चिप सॉकेटमध्ये बसवलेली आहे. चपटी, डाग दिलेली चिप असलेला घेऊ नये. कारण पुढे सांगतो.

ऊनोवर एटीमेगा ३२८पी ही चिप असते. प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाईट, आठवणीसाठी २ किलोबाईट आणि वेग १६ मेगाहर्ट्झ. बोर्ड यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडला की प्रोग्रॅम भरता येतो. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांना अँड्रॉइड फोनवर प्रोग्रॅम लिहून ओटीजी केबलने बोर्डात भरता येईल अशी ॲपही आहेत. मुरबाडच्या आतल्या गावांतील मुलांना ही सोय मोठी आहे.

आर्डुइनोबरोबर तयार हुकूम मिळतात. १३ नंबरची पिन चालू कर असे लिहिले की बोर्डावरचा दिवा लागतो. सुरुवातीला एक-दोन दिवस हे करून पाहावे आणि मग सोडून द्यावे. १३ नंबर हा बोर्डावर छापलेला आकडा आहे, चिपला तो ठाऊक नाही. चिपच्या दृष्टीने तो बी नावाच्या गटातील ५ नंबरचा बिट आहे. डीडीआरबी नावाच्या कप्प्यात त्या बिटावर १ लिहिला म्हणजे ती पिन बाहेर वीज देणारी होते. पोर्टबी नावाच्या कप्प्यात त्याच बिटावर १ लिहिला म्हणजे दिवा लागतो, ० लिहिला म्हणजे विझतो. केवळ दोन कप्पे. तयार हुकूम आत जाऊन अखेर हेच करतो, पण वाटेत बऱ्याच चौकश्या करतो, म्हणून त्याला कितीतरी पट वेळ लागतो. थेट कप्प्यात बिट लिहिण्याचा असेंब्ली हुकूम चिपच्या घड्याळाच्या दोन ठोक्यांत पुरा होतो.

यासाठी लागणारा कंपायलर एव्हीआर-जीसीसी आणि चिपमध्ये माळ भरणारा प्रोग्रॅम एव्हीआर-ड्यूड, दोन्ही फुकट आहेत. त्यांच्याबरोबर ऑब्जडंप नावाचे एक हत्यार येते. आपण सी मध्ये लिहिलेल्या ओळीची असेंब्ली कशी झाली ते हे हत्यार उलगडून दाखवते, जसे तयार कापडाचा नमुना उसवून त्यातला ताणा-बाणा मोजावा तसे. शिकणाऱ्याने रोज स्वतःचा प्रोग्रॅम असा उसवून पाहावा. आणि एक पुस्तक जवळ ठेवावे, ते म्हणजे त्या चिपचे डेटाशीट. बनविणारी कंपनी ते फुकट देते. पाने शेकड्यांनी आहेत, पण सर्व वाचायचे नसते. पिनांचा नकाशा, पोर्ट, टायमर आणि शेवटचा हुकुमांचा तक्ता एवढे भाग आधी पुरेत.

तिसरे साधन : कोऱ्या चिपमध्ये स्वतः प्रोग्रॅम भरणे

आता सॉकेटची गोष्ट. ऊनोवर प्रोग्रॅम भरून तो चालू झाला की वीज काढून चिप सॉकेटमधून अलगद उपटावी आणि ब्रेडबोर्डवर बसवावी. तिला १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, २२ पिकोफॅरडचे दोन कॅपॅसिटर, रिसेटच्या पायाला १० किलोओहमचा रेझिस्टर, विजेच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि स्थिर ५ व्होल्ट द्यावेत. प्रोग्रॅम तसाच चालू होतो. निळा बोर्ड नाही, यूएसबी नाही, फक्त चिप आणि चार-पाच किरकोळ भाग. येथे शिकाऊ बोर्डाचे काम संपते आणि विकण्यायोग्य वस्तू सुरू होते.

बाजारातून आणलेली कोरी चिप मात्र यूएसबीने भरता येत नाही, कारण तो प्रोग्रॅम आत घेणारा बूटलोडर तिच्यात नसतो. तिच्यासाठी यूएसबीएएसपी नावाचा छोटा प्रोग्रॅमर मिळतो, तोही काहीशे रुपयांचाच. तेवढाही खर्च नको असेल तर ऊनो बोर्डालाच प्रोग्रॅमर बनविता येते, त्याचा तयार प्रोग्रॅम आर्डुइनोच्या नमुन्यांत दिलेला असतो. सहा तारा जोडाव्या लागतात इतकेच.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कोरी एटीमेगा कारखान्यातून येते तेव्हा ती बाहेरच्या क्रिस्टलवर चालत नाही. तिच्या आतील ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ८ ने भागून ती १ मेगाहर्ट्झवर चालते. १६ मेगाहर्ट्झसाठी लिहिलेला प्रोग्रॅम तिच्यात भरला तर तो सोळापट सावकाश चालेल. अर्ध्या सेकंदाचा दिवा आठ सेकंद लागून राहील. मुलाला वाटते चिप खराब आली. घड्याळाची निवड फ्यूज नावाच्या काही बिटांनी करायची असते. आणि दुसरी गोष्ट, हे फ्यूज चुकीचे लिहिले तर चिप प्रोग्रॅमरला उत्तर देईनाशी होते. म्हणून फ्यूज बदलण्यापूर्वी डेटाशीटमधील तक्ता समोर ठेवावा आणि आकडा दोनदा ताडून पाहावा.

आपल्या धंद्यातला एक हिशेब

हे सर्व खेळण्यापुरते नाही हे दाखविण्यासाठी लूमचे उदाहरण घेऊ. समजा इंचाला ६० पिकांचे कापड आहे आणि किती मीटर विणले ते मोजणारा काउंटर बनवायचा आहे. एका मीटरमध्ये ३९.३७ इंच, म्हणजे मीटरला सुमारे २,३६२ पिका. लूमच्या फिरत्या भागावर एक सेन्सर लावला की प्रत्येक पिकेला चिपच्या एका पिनवर एक ठोका येतो. चिपने तो मोजायचा.

आता शिकाऊ मुलगा मोजणी एका बाईटमध्ये ठेवील. एका बाईटमध्ये २५५ पर्यंतच आकडा मावतो, त्यानंतर पुन्हा शून्य. मीटरचा दहावा भाग थोडा ओलांडला की मोजणी कोलमडली. मग तो दोन बाईट घेईल. त्यांत ६५,५३५ पर्यंत मावते. त्याला २,३६२ ने भागा. २८ मीटर भरण्याच्या आत आकडा पुन्हा शून्यावर येईल आणि १०० मीटरचा ताका कधीच मोजला जाणार नाही. तीन बाईट घेतले तर १,६७,७७,२१५ पर्यंत मावते, म्हणजे सात हजार मीटरपर्यंत चिंता नाही. वेगाची तर अडचणच नाही. लूम मिनिटाला १२० पिका मारत असेल तर दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो, आणि तेवढ्यात १६ मेगाहर्ट्झच्या चिपच्या घड्याळाचे ८० लाख ठोके पडतात.

वीज गेली तर मोजणी पुसली जाऊ नये यासाठी एटीमेगात ईईप्रॉम नावाची १ किलोबाईटची वेगळी जागा आहे, तेथील आकडा वीज गेल्यावरही टिकतो. पण तिच्यावर लिहिण्याच्या वेळांना मर्यादा आहे, डेटाशीट १ लाख वेळा सांगते. प्रत्येक पिकेला तेथे लिहिले तर मिनिटाला १२० च्या हिशेबाने चौदा तासांत ती जागा मर्यादेला येईल. प्रत्येक मीटरला लिहिले तर वर्षानुवर्षे चालेल. खालच्या पातळीचे ज्ञान म्हणजे काय, ते या उदाहरणात दिसते. वरवरचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा काउंटर दुसऱ्याच दिवशी परत येतो.

तालीम कोठे मिळेल?

गावात राहूनही हे शिकता येते याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ हे कोरडवाहू भागातील गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकणे हे त्याचे सूत्र. २००२ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली, एम.आय.टी.बाहेरील अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. फॅब लॅबच्या जगभर चालणाऱ्या अभ्यासक्रमात एक पाठ ध्यानात घेण्यासारखा आहे. शिकणाऱ्याने छोट्या चिपचा बोर्ड स्वतः बनवायचा, त्यावर भाग स्वतः डाग देऊन बसवायचे, त्या चिपचे डेटाशीट वाचायचे आणि मग तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा. शिकविण्याची हीच पद्धत आपल्या उस्ताद-शागीर्दांची आहे. मुरबाडहून माळशेज घाट चढून पुणे-नाशिक रस्त्याला लागले की पाबळ फार दूर नाही. निदान एकदा जाऊन पाहावे.

दुसरी सोय पवईच्या आय.आय.टी.ची. तेथील स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत. पाहणाऱ्याने पाठ थांबवून तसेच करून पाहायचे, अशी त्यांची रचना आहे. त्यांत आर्डुइनोची मालिका आहे आणि आर्डुइनोच्या बोर्डावर असेंब्ली व एव्हीआर-जीसीसी कसे शिकावे याचेही पाठ आहेत. अनेक विषयांचे निवेदन मराठीतही केलेले आहे. पाठ एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही पाहता येतात, खर्डी-डोळखांब किंवा टोकावडे-धसई पट्ट्यातील मुलांना हे विशेष सोयीचे. त्याच आय.आय.टी.चा ई-यंत्र हा उपक्रम कॉलेजांत रोबोटच्या प्रयोगशाळा उभारण्यास मदत करतो आणि स्पर्धा घेतो. इंजिनिअरिंगच्या मुलांनी त्याची चौकशी करावी.

हात बसल्यावर पुढची पायरीही आपल्या देशात आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे रिस्क-फाइव्ह नावाची खुली रचना सुरू झाली, तिच्यावर कोणाची मक्तेदारी नाही. त्या रचनेवर आय.आय.टी. मद्रासने शक्ती आणि सी-डॅकने वेगा ही प्रोसेसरांची घराणी तयार केली आहेत. ज्याने ८०५१ आणि एटीमेगा नीट शिकले त्याला तेथे फक्त हुकुमांची नावे नवी वाटतील.

आपल्या भागात कोणते काम आहे?

शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. वीज आल्यावर काही सेकंद थांबून, तिन्ही फेज आहेत का ते पाहून मग पंप चालू करणारा, आणि विहिरीचे पाणी संपले की बंद करणारा कंट्रोलर शेतकऱ्याला हवा असतो. कोंबडीपालनात पिलांच्या शेडची उष्णता रात्रभर सांभाळावी लागते. इमारतींना पाण्याच्या टाकीचा कंट्रोलर लागतो. भिवंडीच्या लूमला काउंटर लागतो. तयार माल बाजारात आहे, हे खरे. परंतु कंपनीचा माल सर्वांसाठी एकच असतो, आणि बिघडला तर गावात दुरुस्त करणारा कोणी नसतो. ज्याने प्रोग्रॅम स्वतः लिहिला आहे तो गिऱ्हाईकाच्या सोयीप्रमाणे वेळ बदलून देऊ शकतो, आणि चिप जळाली तर कोरी चिप भरून त्याच दिवशी यंत्र चालू करून देऊ शकतो. त्याच्या शब्दाला बाजारात किंमत येते ती यामुळेच.

काही सावधगिरी

शिकताना ५ व्होल्टच्या पुढे जाऊ नये. २३० किंवा ४४० व्होल्टचा भाग रिले किंवा ऑप्टोकप्लरने वेगळा ठेवावा आणि ते काम जाणत्या वायरमनच्या देखरेखीखालीच करावे. खेड्यातील विजेत चढउतार फार असतात. मोटार सुरू होताना व्होल्टेज पडते आणि चिप भलतेच वागू लागते. एटीमेगात यासाठी दोन पहारेकरी आहेत. व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेले की चिपला रोखून धरणारा ब्राउन-आउट डिटेक्टर, आणि प्रोग्रॅम अडकला तर चिपला पुन्हा सुरुवातीपासून चालविणारा वॉचडॉग टायमर. गिऱ्हाईकाला दिल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूत हे दोन्ही चालू असावेत. आणि प्रोग्रॅमची प्रत तारखेसह दोन ठिकाणी जपून ठेवावी. ती हरवली तर आपलीच वस्तू आपल्याला कोऱ्या चिपसारखी होते.

महागड्या क्लासच्या जाहिरातींना भुलू नये. फी भरण्यापूर्वी एकच विचारावे, कोऱ्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरून ती वेगळ्या बोर्डावर आमच्या हाताने चालवून घ्याल का? उत्तर गोलमाल असेल तर पैसे वाचवावेत.

दुकानदार बंधूंना आणि ज्येष्ठ उस्तादांना एक विनंती आहे. दुकानात असलेल्या मुलाला संध्याकाळी एक तास मोकळा द्यावा. चार मुलांनी मिळून एक ऊनो, एक प्रोग्रॅमर, एक मल्टिमीटर आणि पाच-दहा चिपा घेतल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च एका लग्नाच्या आहेरापेक्षा कमी आहे. पहिला महिना पडद्यावर, पुढचे दोन ऊनोवर, त्यापुढचे तीन स्वतःच्या बोर्डावर, असे सहा महिने नेटाने केले तर मुलगा निदान एक पंप कंट्रोलर स्वतः बनवू शकेल. चिप लॅमिंग्टन रोडवरून आणता येते, तिच्यात काय भरायचे ते मात्र आपल्या दुकानातच तयार व्हायला हवे.